कोडियाक बेटावरील हरणाची शिकार : वाहतुकीचे नियोजन आणि खर्चाचा अंदाज

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यापासून समुद्रात असलेल्या कोडियाक बेटावर हरणाची शिकार करायची असेल, तर परवाना, बंदूक आणि तंबू या तिन्हींपेक्षा अधिक विचार वाहतुकीचा करावा लागतो, आणि बहुतेकांच्या अंदाजपत्रकात नेमकी तीच बाजू कच्ची राहते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाल्यामुळे मराठीत या विषयावर लिहिण्याची गरज फारशी पडली नाही. परंतु अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तेथील कायद्याच्या चौकटीत शिकार करणाऱ्या मराठी मंडळींना हा हिशोब उपयोगी पडेल, असे वाटते. सर्व मांडणीचे सूत्र एकच आहे : हिशोब जाण्याच्या तिकिटापासून पुढे मांडू नये, परतीच्या वजनापासून मागे मांडावा.

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ९,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या अडीचपट आहे. रस्ते मात्र सगळे मिळून जेमतेम १६० किलोमीटरचे आणि तेही कोडियाक शहराभोवतीच्या ईशान्य कोपऱ्यात. उरलेल्या बेटावर जायला विमान किंवा बोट यांखेरीज साधन नाही. बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग १९४१ साली स्थापन झालेल्या कोडियाक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानात येतो. येथील हरणे मूळची बेटावरची नाहीत. १९२४ ते १९३४ या काळात आग्नेय अलास्कातून आणून सोडलेल्या २५ सिटका ब्लॅक-टेल्ड हरणांची ती संतती आहे. अमेरिकेच्या इतर राज्यांतून येणाऱ्या नागरिकाला अलास्कात तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि पहाडी बकरा यांसाठी सहसा वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो, हरणासाठी घ्यावा लागत नाही. म्हणूनच स्वतः आखलेल्या, मर्यादित खर्चाच्या सहलीसाठी लोक कोडियाकची निवड करतात.

नागरिकत्वाचा मुद्दा सुरुवातीलाच मिटवून टाकावा, कारण त्यावर सगळे अंदाजपत्रक उलटू शकते. अमेरिकेचा नागरिक नसलेल्या आणि अमेरिकेत वास्तव्यही नसलेल्या पाहुण्याला अलास्कात कोणत्याही मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी परवानाधारक वाटाड्या सक्तीचा आहे, त्यामुळे पुण्याहून सुट्टीला आलेल्या मेहुण्याला चौथा गडी म्हणून हिशोबात धरून चालत नाही. तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्यांना बंदूक बाळगण्यासंबंधी केंद्रीय कायद्याची वेगळी बंधने आहेत आणि वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे. आपल्या बाबतीत तो कसा लागू होतो, हे विमानाचा विसार भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

महिना आधी, वाहन नंतर

राज्याच्या नियमांनुसार बेटाच्या दुर्गम भागात हंगाम १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ डिसेंबरला संपतो. रस्त्यालगतच्या भागात तो लवकर आटोपतो. किती हरणे मारता येतील आणि माद्यांना कधीपासून मुभा आहे, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतच पाहावे, कारण त्यात बदल होत असतात. वाहतुकीच्या दृष्टीने मात्र पाच महिन्यांचा हा हंगाम एकसंध नसून त्याचे दोन वेगळे भाग पडतात.

ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये नर हरणे झाडीच्या वर, डोंगरमाथ्यावरील कुरणांत असतात. तेथे पोहोचायला उंचावरचे तळे आणि त्यावर उतरणारे फ्लोटप्लेन हाच सरळ मार्ग आहे, दिवस मोठा असतो आणि विमानाला उडायला प्रकाश भरपूर मिळतो. फक्त हवा तुलनेने उबदार असल्यामुळे मांस टिकवण्याची चिंता वाढते आणि मांस लवकर बाहेर काढण्यासाठी मधल्या खेपेची तरतूद ठेवावी लागते. नोव्हेंबरमध्ये चित्र उलटे होते. हा विणीच्या माजाचा काळ असतो, वरच्या भागात बर्फ पडल्यावर हरणे खाली किनाऱ्याकडे सरकतात, उंचावरची तळी गोठू लागतात आणि विमानाला खाऱ्या पाण्याच्या खाडीतच उतरावे लागते. महिन्याच्या मध्यावर दिवस जेमतेम आठ तासांचा उरतो. ही विमाने डोळ्यांना दिसणाऱ्या हवामानात आणि दिवसाउजेडीच उडत असल्यामुळे सकाळचे धुके दुपारपर्यंत रेंगाळले, तर तो दिवस गेलाच म्हणून समजावे. म्हणून उशिराच्या हंगामात, विशेषतः तीन किंवा अधिक जणांच्या गटासाठी, बोटीचा विचार आधी करावा असे माझे मत आहे.

शहरापर्यंतचा टप्पा

अँकरेजहून कोडियाकला जेट विमानाने साधारण एक तास लागतो. मात्र कोडियाकच्या विमानतळावर एका धावपट्टीच्या टोकासमोरच बॅरोमीटर पर्वत उभा आहे आणि धुके किंवा वारा असला की मोठी विमानेही रद्द होतात. त्यामुळे सकाळी कोडियाकला उतरून दुपारच्या फ्लोटप्लेनने रानात जायचे, असा कागदावर सुबक दिसणारा बेत करू नये. मध्ये किमान एक पूर्ण दिवस ठेवावा. तो वायाही जात नाही, कारण गॅसचे डबे आणि अस्वलांना रोखणारा तिखट फवारा या दोन्ही वस्तू प्रवासी विमानात हातातल्या किंवा चेक-इन सामानात कोठेही चालत नाहीत आणि त्या कोडियाकलाच विकत घ्याव्या लागतात. बंदूक रिकामी करून, कुलूपबंद कडक पेटीत ठेवून काउंटरवर जाहीर करावी लागते, आणि काडतुसांना अनेक विमान कंपन्यांत प्रत्येक प्रवाशामागे ११ पौंडांची, म्हणजे ५ किलोंची मर्यादा असते. कॅनडामार्गे जाणारे स्वस्त तिकीट दिसले तरी टाळावे; तेथे बंदुकीसाठी स्वतंत्र जाहीरनामा भरावा लागतो आणि वाचलेले पैसे त्यातच जातात.

दुसरा मार्ग फेरीचा. अँकरेजपासून होमरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटर गाडी चालवायची आणि तेथून अलास्का मरीन हायवेच्या जहाजाने साडेनऊ-दहा तासांत कोडियाक गाठायचे. या मार्गावरचे ‘टस्टुमेना’ हे जहाज १९६४ पासून सेवेत आहे आणि त्याच्या वयाला शोभेल इतका काळ ते दुरुस्तीसाठी गोदीत असते, म्हणून शरद ऋतूचे वेळापत्रक प्रसिद्ध झाल्याशिवाय त्यावर विसंबू नये. अलास्कात राहणाऱ्या आणि स्वतःचा ट्रक असलेल्या माणसाला हा मार्ग सोयीचा पडतो, कारण शीतपेटीत भरलेले मांस वजनाचा प्रश्न न येता थेट घरी नेता येते. सिअ‍ॅटलहून किंवा कॅलिफोर्नियाहून येणाऱ्याने मात्र भाड्याच्या गाडीचे दिवस आणि पेट्रोल मिळवून पाहिले, तर बहुधा विमानच स्वस्त निघेल.

फ्लोटप्लेनचा खरा हिशोब

कोडियाकहून रानात नेणारे चार्टर विमान बहुतेक वेळा तासाच्या दराने मिळते, आणि तुम्हाला सोडून विमान रिकामे परत येते त्या वेळेचे पैसेही तुम्हीच भरता. म्हणजे सोडण्याची एक फेरी आणि आणण्याची एक फेरी असे मूळ बिल होते. येथे बहुतेक काम डी हॅव्हिलंड बीव्हर या १९४७ साली प्रथम उडालेल्या विमानावर चालते. इंधन भरल्यावर माणसे आणि सामान मिळून साधारण १,००० पौंड (४५० किलो) वजन धरून हिशोब मांडावा आणि नेमका आकडा चालकाकडून घ्यावा, कारण तो अंतर, वारा आणि तळ्याची लांबी यांनुसार कमी-जास्त होतो. पुढील उदाहरणात तासाला १,००० डॉलर आणि एका बाजूला ४० मिनिटे हे आकडे निव्वळ गणित सोपे व्हावे म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्ष दर विचारून ते बदलावेत. या हिशोबाने एक फेरी जाऊन-येऊन ८० मिनिटांची, म्हणजे सुमारे १,३३३ डॉलरची होते.

तिघे जण निघाले असे समजू. बूट आणि पावसाळी कपड्यांसह प्रत्येकाचे वजन १९० पौंड, मिळून ५७०. प्रत्येकाचे सामान १०० पौंड, मिळून ३००. अन्न, स्टोव्ह, अस्वलांसाठीचे विजेचे कुंपण असे सामाईक सामान १०० पौंड. एकूण ९७० झाले आणि जाताना सगळे एका विमानात बसले. आता परतीचे पाहू. अन्न संपल्यामुळे ५० पौंड कमी झाले, पण पाच हरणांचे मांस बरोबर आहे. शरद ऋतूत पूर्ण वाढलेल्या नराचे सरासरी वजन १२० पौंड आणि मादीचे ८० पौंड भरते. नरामागे हाडे काढलेले मांस ५० पौंड धरले तर पाचांचे २५० पौंड होते आणि एकूण वजन १,१७० वर जाते. येथे दुसरी खेप लागते. खर्च तीन फेऱ्यांचा, ४,००० डॉलर, म्हणजे माणशी १,३३३.

आता दोघेच गेले असते तर? माणसांचे ३८०, सामानाचे २०० आणि सामाईक १०० मिळून ६८० पौंड. परतताना अन्नाचे ४० पौंड वजा करून चार हरणांचे २०० पौंड मिळवले तरी ८४०. दोन फेऱ्यांत काम झाले, खर्च २,६६६ डॉलर, माणशी पुन्हा १,३३३. चौघे गेले तर जाताना दोन आणि येताना दोन अशा चार फेऱ्या लागतात, आणि माणशी भाग तेवढाच राहतो. जास्त माणसे म्हणजे खर्च कमी, हा टॅक्सीच्या अनुभवावरून आलेला समज येथे चुकतो. खरी बचत एकाच परिस्थितीत होते : तिघे गेले आणि तिघेही मांसासह एकाच खेपेत परतले, तर माणशी सुमारे ८८९ डॉलर पडतात. त्यासाठी गटाने आधीच तीन हरणांवर थांबायचे ठरवावे लागेल आणि प्रत्येकाला सामानात २५ पौंड कपात करावी लागेल. तेव्हा परतीचे वजन ९९५ पौंड होते. हेही काठावरचेच आहे, कारण आठवडाभर पावसात भिजलेला तंबू आणि झोपण्याच्या पिशव्या जातानाच्या वजनाने परत येत नाहीत. वर शिंगे राहिलीच. म्हणून तिघांच्या गटाने अंदाजपत्रकात तिसऱ्या फेरीचे पैसे धरावेत आणि ती लागली नाही, तर आनंद मानावा.

मांस मागे ठेवून वजन जुळवण्याचा मार्ग कायद्याने बंद आहे. पुढच्या पायांचे गुडघ्यापर्यंतचे, मागच्या पायांचे घोट्याच्या सांध्यापर्यंतचे, मानेचे, पाठीचे आणि बरगड्यांचे असे सर्व खाण्यायोग्य मांस बाहेर आणावेच लागते, आणि शिंगे मांसाच्या आधी हलवता येत नाहीत. ती मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबरच निघतात. म्हणजे पाचवे हरीण मारायचे की नाही, हा निर्णय नेमबाजीचा जितका, तितकाच विमानाच्या बिलाचा असतो.

खर्च कमी करण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे रिकामी फेरी वाटून घेणे. ज्या दिवशी तुम्हाला सोडायला विमान येते, त्याच दिवशी त्याच भागातून दुसऱ्या गटाला परत आणायचे असेल, तर चालक दर कमी करू शकतो. तारखांमध्ये एक-दोन दिवस लवचीक आहोत हे बुकिंग करतानाच सांगितले, तरच त्याला अशी सांगड घालता येते. मधल्या दिवसांत त्या बाजूला विमान येणार असल्यास थोडे मांस आधी पाठवण्याची सोयही अशीच होते.

आणखी एक नियम दिवस वाचवतो. अलास्कात बहुतेक मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत विमानातून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजेपर्यंत शिकार करता येत नाही. हरीण या नियमातून वगळलेले आहे. त्यामुळे उतरल्याचा दिवस कायद्याने रिकामा धरावा लागत नाही. तरीही अंधार लवकर पडत असताना आधी तंबू आणि कुंपण उभे करावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण या बेटांवर सुमारे ३,५०० तपकिरी अस्वले आहेत आणि ताज्या मांसाचा वास त्यांना लवकर कळतो.

बोट, गाव आणि रस्ता

शिकाऱ्यांची वाहतूक हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना राज्याचा ट्रान्सपोर्टर परवाना लागतो, आणि आश्रयस्थानाच्या हद्दीत धंदा करायचा तर तेथील परवानगीही लागते. दोन्ही आहेत का, हे विचारायला संकोच करू नये. बोटीवर झोपायची सोय, जेवण, रोज लहान होडीने किनाऱ्यावर सोडणे-आणणे आणि मांस टांगण्याची जागा हे सगळे माणशी एका रकमेत येते. ही रक्कम ऐकताच महाग वाटते, परंतु तिची तुलना विमानाच्या तिकिटाशी न करता विमान, मांसाची खेप, तंबू-कुंपणाचे भाडे, अन्न आणि हवामानामुळे वाढलेल्या मुक्कामाचा खर्च यांच्या बेरजेशी करावी. एका खाडीत हरणे नसतील तर बोट दुसऱ्या खाडीत जाते. फ्लोटप्लेनने एकदा तळ्यावर उतरल्यावर जागा बदलायची म्हणजे नवे बिल. उलट बाजूने, शेलिकोफ सामुद्रधुनीकडचा समुद्र शरद ऋतूत खवळलेला असतो आणि ज्याला बोट लागते त्याचे पहिले दोन दिवस फुकट जातात.

मधला पर्याय लार्सन बे किंवा ओल्ड हार्बर यांसारख्या गावांचा आहे. तेथे कोडियाकहून चाकांवर उतरणाऱ्या छोट्या विमानांची नियमित सेवा असते, भाडे आसनामागे असते, आणि गावातून होडीची व्यवस्था करता येते. जास्तीच्या सामानाला पौंडामागे दर लागतो, म्हणून परतीच्या मांसाचा दर जातानाच विचारावा. गावांभोवतीची बरीच जमीन स्थानिक मूलनिवासी कॉर्पोरेशनांच्या मालकीची असून तेथे पाऊल ठेवायला त्यांची सशुल्क परवानगी लागते. फ्लोटप्लेनने जाणाऱ्यानेही तळ्याच्या काठाची मालकी नकाशावर तपासावी. रस्त्यालगतची शिकार सर्वांत स्वस्त आहे, भाड्याची गाडी पुरते, पण हंगाम छोटा आणि शिकारी जास्त.

अंदाजपत्रकात पुढे काय धरावे

परवाना १६० डॉलर आणि प्रत्येक हरणामागे टॅग (मारलेल्या प्राण्याला लावायची खूणपट्टी) ३०० डॉलर, हा अनिवासी अमेरिकन नागरिकाचा दर आहे. दोन हरणांची उमेद असेल तर ७६० डॉलर येथेच गेले. त्यानंतर हवामानाची राखीव रक्कम. रानात ठरल्यापेक्षा तीन दिवस जास्त पुरेल इतके अन्न न्यावे आणि परतीचे तिकीट बदलता येणारे घ्यावे. कोडियाकमधील किमान दोन जास्तीच्या रात्रींचे भाडे बाजूला ठेवावे. ही रक्कम ‘लागली तर’ या रकान्यात न लिहिता मूळ खर्चातच धरावी, कारण शरद ऋतूत ती बहुधा लागतेच. उपग्रहावरून संदेश पाठवणारे साधन विकत किंवा भाड्याने घ्यावे. विमान आज येणार नाही हे कळले नाही, तर माणूस सामान आवरून दिवसभर पावसात किनाऱ्यावर उभा राहतो.

मांस घरी नेण्याचा खर्चही वाहतुकीतच मोडतो. कोडियाक शहरात ते घट्ट गोठवून ५० पौंडांच्या खोक्यांत भरावे आणि चेक-इन सामान म्हणून न्यावे, हे सहसा मालवाहतुकीपेक्षा सोपे पडते. गोठायला एक-दोन दिवस लागतात, तेवढा मुक्काम धरावा. कोरडा बर्फ वापरायचा तर विमान कंपनीची परवानगी आणि माणशी अडीच किलोंची मर्यादा लक्षात ठेवावी. शिंगांची टोके झाकून आणि कवटी पूर्ण स्वच्छ करूनच ती स्वीकारली जातात.

बुकिंगचा क्रम असा ठेवावा की फ्लोटप्लेन किंवा बोट सर्वांत आधी, शक्यतो आठ-दहा महिने अगोदर. मग रजा, आणि जेटचे तिकीट सर्वांत शेवटी. चालकाशी बोलताना दर तासाचा आहे की आसनाचा, इंधनाचा अधिभार वेगळा आहे का, फवारा आणि गॅसचे डबे कसे न्यायचे, हवामानामुळे विमान आले नाही तर विसाराचे काय, आणि मांसाच्या खेपेसाठी विमान किती दिवसांच्या सूचनेवर मिळते, एवढे प्रश्न लेखी विचारावेत. निघण्याच्या आदल्या आठवड्यात घरच्या वजनकाट्यावर प्रत्येकाने सामानासह उभे राहून आकडा कळवावा आणि तो खरा कळवावा, कारण धक्क्यावर चालक पुन्हा वजन करतो आणि जास्तीचे सामान तेथेच राहते. गटातील वाटणीचा कागदही याच वेळी करून घ्यावा : मूळ फेऱ्यांचा खर्च सर्वांत समान, सामाईक मांसासाठी लागलेल्या जादा फेरीचा खर्च ज्यांनी हरणे मारली त्यांच्यात हरणांच्या संख्येप्रमाणे, आणि ऐनवेळी एखादा गळाला तर त्याचा विसार परत न करता गटाच्या खात्यात जमा.